‘नॉट’ एक, नकार अनेक

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा थोडा भाग जोडला आहे.)

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. इंग्रजीत नाही कसं म्हणतात? तुम्ही म्हणाल, यात व्याख्यान कसलं द्यायचं, ‘नो’ आणि ‘नॉट’, झालं की. पण कथा-कादंबऱ्या वाचताना, आणि त्याहून जास्त त्या मराठीत आणताना, या दोन शब्दांपाशी माणूस अडकतो. मी आज दोन इंग्रजी गोष्टींमधले नकार तुमच्यासमोर ठेवणार आहे. एक नकार ऐकूनच घेतला जात नाही. दुसऱ्याला उत्तर सापडत नाही. आणि दोन्हींचं कारण, माझ्या मते, इंग्रजी ‘नॉट’च्या स्वभावात आहे.

आधी आपल्या घरातलं सामान मोजू. ‘तो घरी नाही.’ ‘तो चोर नव्हे.’ ‘मला चहा नको.’ ‘तिथे जाऊ नये.’ चार वाक्यं, चार वेगळे नकार. पहिल्यात वस्तुस्थिती नाकारली, दुसऱ्यात ओळख नाकारली, तिसऱ्यात इच्छा नाही म्हटलं, चौथ्यात योग्य नाही म्हटलं. शिवाय पाचवं एक आहे, ‘मला आता जेववत नाही’. इथे नाही तोच आहे, पण क्रियापदच असं वळवलंय की न जमण्याचा दोष बोलणाऱ्यावर येत नाही. हीच पाच वाक्यं इंग्रजीत करून बघा. पाचही ठिकाणी ‘नॉट’. फरक दाखवायला इंग्रजीला दरवेळी बाहेरून एक क्रियापद बोलवावं लागतं: ‘वॉन्ट’, ‘शुड’, ‘कॅन’. ‘नको’ हा आपला शब्द तर विलक्षणच आहे. एका शब्दात नकार आहे आणि हा नकार कुणाच्या तरी मनातून आलाय हेही आहे. त्याला आपण प्रत्यय लावतो, नकोस, नका, नकोत. हैदराबादच्या दखनीला तो इतका आवडला की तिने ‘नक्को’ करून घरात घेतला. इंग्रजीत याला एकशब्दी तोड नाही.

म्हणजे इंग्रजीत ‘नॉट’ हे फक्त वजाबाकीचं चिन्ह आहे. ते कुणी काढलं, का काढलं, रागाने की नाइलाजाने, हे चिन्ह सांगत नाही. ते सगळं शेजारच्या क्रियापदात शोधायचं. माझा आजचा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

आता या ‘नॉट’चा थोडा इतिहास. थोडाच, कारण वेळ कमी आहे. जुन्या इंग्रजीत नकाराचा शब्द होता ‘ने’, आणि तो क्रियापदाच्या आधी यायचा. आपल्या ‘न’सारखा, आणि नात्यानेही तो आपल्या ‘न’चा लांबचा भाऊच आहे. पण ‘ने’ उच्चारात फार हलका. मग जोर द्यायला लोक पुढे ‘नाविहट’ असा शब्द जोडायला लागले. त्याचा अर्थ ‘काही वस्तू नाही’, आपण ‘काडीचंही नाही’ म्हणतो तसा. तो झिजून झिजून झाला ‘नॉट’. काही शतकं ‘ने’ आणि ‘नॉट’ दोघे वाक्यात एकत्र नांदले, आणि मग मूळ मालक ‘ने’ निघून गेला, भाडेकरू राहिला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने १९१७ साली इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर एक पुस्तक लिहिलं, त्यात हे चक्र दाखवलंय. फ्रेंचमध्येही असंच झालं. पुढे १९७९ मध्ये एस्टेन डाल या अभ्यासकाने त्याला येस्पर्सनचं चक्र असं नाव दिलं.

दोन नकार म्हणजे होकार, हे आपल्याला इंग्रजीच्या तासाला शिकवलेलं असतं. चौदाव्या शतकातल्या चॉसरला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत एका सरदाराचं वर्णन आहे, तिथे दोन ओळींत चार नकार येतात. त्यांची बेरीज नकारच होते, जोरदार नकार. गणित पुढे आलं. रॉबर्ट लाउथ, जो नंतर लंडनचा बिशप झाला, त्याच्या व्याकरणात दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात असा नियम ठसठशीतपणे येतो. नियम तर्काला धरून आहे. पण लंडनच्या गल्लीत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत आजही चॉसरची रीत जिवंत आहे. त्या पोरांचा जुना, घरंदाज नकार शाळेत चूक ठरतो. हे मी जाता जाता सांगतोय, पण साधं नाही ते.

तर, ‘नॉट’ गरीब. मग इंग्रजीने नकाराची श्रीमंती कुठे ठेवली? क्रियापदांमध्ये. आणि ही क्रियापदं बहुतेक बाहेरून आणलेली. ‘फॉर्बिड’ घरचं आहे, ‘गेनसे’ घरचं आहे, ‘गेनसे’ म्हणजे शब्दशः समोरून बोलणं. पण ‘रिफ्यूज’ फ्रेंचमधून आलं. ‘डिनाय’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे. ‘रिजेक्ट’च्या पोटात लॅटिन ‘मागे फेकणं’ आहे. ‘डिक्लाइन’च्या पोटात ‘बाजूला झुकणं’ आहे. बघा हं, एकाच नकाराचे हे देहबोलीतले प्रकार आहेत. एकजण वस्तू परत फेकतो. दुसरा नुसता अंग चोरतो आणि ती वस्तू शेजारून जाऊ देतो. दरबारात, न्यायालयात, दिवाणखान्यात जे नकार द्यायचे ते परक्या भाषेतून आले. यात हसण्यासारखं काही नाही, आपलंही तेच आहे. अर्ज ‘नामंजूर’ होतो, आरोपाचा ‘इन्कार’ होतो, गुन्हा ‘नाकबूल’ असतो. घरात मात्र ‘नको गं’ आणि ‘नाही म्हटलं ना!’ कचेरीतला नकार आपण फारसीच्या हाताने लिहिला, त्यांनी फ्रेंचच्या.

आता पहिली गोष्ट. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, १८१३. एकोणिसावं प्रकरण. मिस्टर कॉलिन्स हा पाद्री एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो. मागणी घालताना तो लग्न का करायचं याची कारणं क्रमाने सांगतो, त्यात त्याच्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनचा सल्लाही असतो. एलिझाबेथ त्याचे आभार मानते आणि नकार देते. तिचं क्रियापद आहे ‘डिक्लाइन’. दिवाणखान्यातलं, बाजूला झुकणारं. कॉलिन्स खुशाल हात हलवतो. त्याच्या मते बायका पहिल्यांदा नाही म्हणतात, कधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही म्हणतात. त्याला यात होकार ऐकू येतो.

शाळा-कॉलेजात आपल्याला हा प्रसंग विनोदी म्हणून शिकवतात. कॉलिन्स मूर्ख आहे, हसा. मला तो तेवढाच वाटत नाही. कॉलिन्स त्याच्या समाजाची भाषा नीट शिकलाय. सभ्य बाईच्या तोंडी जेवढी क्रियापदं शोभतात ती सगळी मऊ आहेत, आणि ‘नॉट’ तर बिचारं वजाबाकीचं चिन्ह. मग खरा नकार आणि शिष्टाचाराचा नकार यात तो फरक कसा करणार? एलिझाबेथ पुन्हा सांगते, आणखी स्पष्ट करून सांगते. दरवेळी तिचं वाक्य जास्त तर्कशुद्ध होत जातं आणि दरवेळी त्याला ते जास्त मोहक वाटतं. शेवटी ती काय ठरवते? वडिलांकडे जायचं. वडिलांचा नकार तरी नकार म्हणून ऐकला जाईल. शब्द तोच, पण पुरुषाच्या तोंडून. ऑस्टिन हे अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जाते, आणि वाचकही हसत पुढे जातो. मला वाटतं आपण तिथे थांबायला हवं. इंग्रजी साहित्यातल्या सगळ्यात हुशार मुलींपैकी एक, आणि तिच्या ‘नाही’ला वडिलांची सही लागते.

एका वर्षाने, १८१४ मध्ये, ‘मॅन्सफिल्ड पार्क’ आली. त्यात फॅनी प्राइस एका श्रीमंत तरुणाला नकार देते. तिचे काका तिला जाब विचारतात, आणि ऑस्टिन लिहिते की फॅनीच्या ओठांवर ‘नो’चा आकार झालेला दिसला, आवाज आला नाही. आश्रित मुलगी आहे ती. कॉलिन्सच्या प्रसंगावर हसलेल्या वाचकाने हे वाचावं. आणि ऑस्टिनबद्दल एक माहिती फक्त देतो, तिचा अर्थ तुम्ही लावा. १८०२ च्या डिसेंबरमध्ये तिला स्वतःला एक मागणी आली होती. रात्री तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला.

हा प्रसंग मराठीत आणताना गंमत होते. आपल्याकडे ठरवून केलेल्या लग्नात नकार देत नाहीत, नकार ‘येतो’. ‘मुलाकडून नकार आला.’ जणू टपालाने. किंवा ‘पत्रिका जुळत नाही’. किंवा ‘यंदा कर्तव्य नाही’. कुणी कुणाला नाही म्हटलेलंच नसतं, ग्रहांनी म्हटलेलं असतं. एलिझाबेथचं वाक्य तसं करता येत नाही. ती ‘मी’ म्हणून बोलते. भाषांतरात तिला ‘मला हे लग्न करायचं नाही’ म्हणायला लावलं तर मराठी वाचक विचारील, एवढं स्पष्ट बोलली तरी या गृहस्थाला कळलं कसं नाही? विनोद मेला. ‘मला क्षमा करा, मला हे मान्य करता येत नाही’ असं केलं तर कॉलिन्सला पळवाट राहते. मी दुसरं घेईन. तिच्या धीटपणाला थोडा धक्का लागतो, पण तिची कोंडी दिसते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. हर्मन मेलव्हिलची ‘बार्टलबी, द स्क्रिव्हनर’. १८५३ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका मासिकात दोन भागांत छापून आली. स्क्रिव्हनर म्हणजे आपला नकलनवीस. वॉल स्ट्रीटवरचा एक सुखवस्तू वकील गोष्ट सांगतो. त्याच्याकडे बार्टलबी नावाचा शांत, फिकट माणूस कामाला लागतो. सुरुवातीला ढिगाने नकला उतरवतो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एक नक्कल मूळ कागदाशी ताडून बघायला बोलावतो, आणि बार्टलबी सौम्य आवाजात नकार देतो.

तो नकार कसा आहे ते बघा. मुख्य क्रियापद आहे ‘प्रेफर’, पसंत करणे. त्याआधी अदबीचं ‘वुड’. आणि ‘नॉट’ कुठे आहे? मुख्य क्रियापदाच्या नंतर. म्हणजे व्याकरणाने हे वाक्य होकारार्थी आहे! पसंत नाही असं तो म्हणत नाही. पसंत आहे म्हणतो, आणि जे पसंत आहे ते न करणं आहे. वकील वकिलासारखाच वागतो. तो ते वाक्य ‘विल नॉट’मध्ये वळवायचा प्रयत्न करतो, म्हणजे करणार नाहीस ना, असं विचारतो. ‘विल’ आलं की हुकूम मोडला असं होईल, आणि हुकूम मोडला की काढून टाकता येईल. बार्टलबी शांतपणे दुरुस्ती करतो आणि पुन्हा ‘प्रेफर’वर येतो. एवढी एक दुरुस्ती वाचली तरी पुरे. हा माणूस वेडा नाही. त्याला क्रियापदांतला फरक नेमका कळतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ जिल देल्यूझचा या वाक्यावर गाजलेला निबंध आहे, १९८९ चा. त्याच्या मते हे वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही भाषेला आतून पोखरतं, परकं करून टाकतं. निबंध चमकदार आहे. पण त्यात कचेरी दिसत नाही. मला या वाक्यात परकं काही ऐकू येत नाही. मला त्यात वकिलाचीच भाषा ऐकू येते. ‘प्रेफर’ हा सुखवस्तू माणसाचा शब्द आहे. ज्याच्यासमोर दोन ताटं आहेत तो प्रेफर करतो. नकलनवीसाला पगार पसंतीसाठी मिळत नाही. बार्टलबीने मालकाच्या दिवाणखान्यातली खुर्ची उचलून आपल्या कोपऱ्यात ठेवली, आणि ती इतक्या अदबीने ठेवली की मालकाला ‘ही माझी आहे’ म्हणता येईना. सभ्यपणाने बोलणाऱ्याला सभ्य माणूस कसा हाकलणार? वकील शेवटी स्वतःच कचेरी सोडून दुसरीकडे जातो. घरमालक भाडेकरूला घाबरून घर बदलतो तसं.

पुढे काय होतं ते माहीत असेल. बार्टलबीला ‘टूम्ब्स’ नावाच्या तुरुंगात नेतात, तिथे तो जेवायचं सोडतो आणि मरतो. गोष्टीतला माझा आवडता भाग मात्र त्याआधी आहे. कचेरीतले इतर कारकून, आणि वकील स्वतः, नकळत ‘प्रेफर’ शब्द वापरायला लागतात. साथ पसरावी तसा तो शब्द पसरतो. ज्यांनी आयुष्यभर सांगितलेलं केलं त्यांच्या जिभेवर पसंती हा शब्द येतो, आणि आलाय हे त्यांना कळतही नाही.

आता मराठी. ‘मी ते करणार नाही’ हे तर वकिलाला हवं असलेलंच वाक्य आहे, ते बार्टलबीच्या तोंडी घालणं म्हणजे त्याला पहिल्याच पानावर नोकरीवरून काढणं. ‘मला नको’ म्हटलं तर मन दिसतं, आणि बार्टलबीचं मन दिसायला नको. ‘माझ्याकडून करवत नाही’ म्हटलं की वाचकाला लगेच दया येते, तो आजारी वाटतो. आपलं रोजचं ‘राहू द्या’ फार जवळ येतं. बघा ना, त्यातही रूप होकाराचं आणि पोटात नकार. पण ‘राहू द्या’ समोरच्याला काहीतरी करायला सांगतं, आणि बार्टलबी कुणाकडे काहीच मागत नाही. ‘न केलेलं बरं’ सुद्धा छान आहे, त्यात ‘न’ नेमका आत दडलाय. अडचण एवढीच की त्यात शहाणपणाचा, सल्ल्याचा वास येतो.

मी ‘पसंत’वर येऊन थांबतो. ‘ते न करणं मला पसंत आहे.’ थोडं पुस्तकी वाटेल, वाटू दे. शब्द फारसीतून आलेला, म्हणजे कचेरीला शोभणारा. आणि पसरू शकेल असा. उद्या कचेरीतला दुसरा कारकून सहज म्हणेल, साहेब, हा कागद तुम्हाला पसंत आहे का? मराठीत ‘पसंत’ म्हटलं की मुलगी बघण्याचा कार्यक्रमही आठवतो, तिथेही पसंती कुणी सांगायची आणि कुणी नुसतं बसून राहायचं हे ठरलेलं असतं. हा अर्थ मेलव्हिलच्या डोक्यात नव्हता. भाषांतरात तो फुकट मिळतो, आणि मी तो परत करणार नाही.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन.)

प्रश्न : सर, नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना आमचा ‘येस’ आणि ‘नो’चा गोंधळ होतो. तो आमचा दोष आहे का?

उत्तर : नाही. ‘तू काल आला नाहीस ना?’ याला आपण ‘हो, नाही आलो’ म्हणतो, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे असं सांगतो. इंग्रज ‘नो’ म्हणतो, तो वस्तुस्थिती सांगतो. दोन्ही रीती शुद्ध आहेत, उत्तर कशाला द्यायचं एवढाच फरक. आणि इंग्रजांचाही यात गोंधळ होताच. त्यांच्याकडे पूर्वी दोन नव्हे, चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. सोळाव्या शतकात बायबलचा अनुवादक टिंडेल याने ‘ने’च्या जागी ‘नो’ वापरलं म्हणून टॉमस मोर त्याच्यावर घसरला होता. तो नियम समजावून सांगताना मोरचीच गफलत झाली, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. तेव्हा तुम्ही चांगल्या सोबतीत आहात.

प्रश्न : मी आयटीत काम करते. परदेशातल्या मॅनेजरला नाही म्हणायचं असतं तेव्हा मी ‘आय विल ट्राय’ म्हणते. मग काम माझ्याच गळ्यात पडतं. यावर काही उपाय?

उत्तर : तुम्ही मनात ‘बघते’ म्हणता. मराठीत ‘बघते’, ‘बघू’, ‘कळवते’ हे नकारच आहेत, आणि इथल्या साहेबाला ते कळतात. तुम्ही त्याचं इंग्रजी केलंत, तर क्रियापद पोचलं आणि नकार मागेच राहिला. ‘ट्राय’मध्ये त्यांना प्रयत्न ऐकू येतो, कारण त्यांच्याकडे सगळं क्रियापदातच ऐकायची सवय. म्हणून ‘नॉट’ कुठे ठेवायचं याचा फार विचार करू नका, क्रियापद आधी ठरवा. ‘कॅन’ घेतलंत तर ते अडचण सोडवायला येतील, आणखी एक माणूस देऊ का विचारतील. ‘विल’ घेतलंत तर भांडण होईल. मधलं म्हणजे वाक्यात तारीख घाला. शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी होईल. आणि ‘प्रेफर’ मात्र वापरू नका. ते वापरणाऱ्याचं काय झालं ते आत्ताच सांगितलंय.